धर्मपाल मास्तरांची लेन्सपाटी

धर्मपाल मास्तर त्या दिवशी सभेत गप्प बसले असते, तर प्रभावतीबाईंचा सागवानी पाट आजही चुलीपुढे दिसला असता आणि शंकरसिंग हवालदारांच्या लोकरी कोटाला दोन्ही बाह्या असत्या. पण गप्प बसणं ही मास्तरांच्या मते शाळेत मुलांना सांगायची गोष्ट होती. स्वतः पाळायची नव्हे.

सभा होती वाचनालयाची, साल एकसष्ट. राळेगावच्या वाटेवरच्या बोरखडी गावात वस्तीतल्या लोकांनी स्वतः विटा वाहून आणि स्वतः गारा तुडवून एक खोली उभी केली होती. तिच्या दारावर 'वाचनालय' अशी निळी अक्षरं मास्तरांनीच रंगवली होती, कारण शाळेत ते ड्रॉइंग शिकवत. येत्या चौदा एप्रिलच्या जयंतीला उद्घाटन होतं आणि विषय निघाला फोटोचा. गेल्या जयंतीला बाहेरून एक फोटोग्राफर बोलावला होता. त्यानं खुर्च्यांवरची मंडळी मधोमध घेतली, "हलू नका" म्हणाला आणि गेला. फोटो आला तेव्हा दोन्ही टोकांची माणसं कापलेली. सत्यभामाबाईंचा एक कान आणि लुगड्याचा काठ तेवढा आला होता. तो कान आपलाच आहे हे त्या वर्षभर घरोघर पटवून देत होत्या, आणि कुणालाही पटत नव्हतं.

"यंदा फोटो मी काढतो," मास्तर उठून म्हणाले. "पाळण्यातल्या पोट्ट्यासकट एकाहत्तर मानसं. एकही सुटनार नाही. सुटलं तं मी कॅमेऱ्याले पुन्हा हात लावनार नाही."

टाळ्या पडल्या. मास्तर खाली बसले तेव्हा त्यांची छाती आधीपेक्षा दोन बोटं पुढे होती.

कॅमेरा त्यांच्याकडे होता, ही गोष्ट खरी. गळ्यात अडकवायचा नव्हे. यवतमाळातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला, सागवानी पेटीचा, पितळी बिजागऱ्यांचा, तीन पायांवर उभा राहणारा, मागे काळं कापड आणि मध्ये हार्मोनियमसारखा भाता असलेला जुना सरदार. त्यात फिल्म नव्हे, वहीच्या पानाएवढी काचेची प्लेट घालावी लागे. तो दाखवायला म्हणून मास्तर एका रविवारी राळेगावला गेले. परतताना एसटीत कॅमेरा त्यांनी मांडीवर घेतला आणि लेन्स काढून पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवली, म्हणजे ती सुरक्षित राहील. गाडी नाल्याच्या रपट्यावरून उसळली. पिशवी खाली आली. लेन्सला मधोमध चीर गेली.

मास्तरांनी घरी सांगितलं, "जुनीच झालती थे. बदलायचीच होती."

प्रभावतीबाई नवऱ्याला बारा वर्षं ओळखत होत्या. त्या "बरं" म्हणाल्या.

मुंबईच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला मास्तरांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. तीन मसुदे फाडले, चौथा पाठवला. पत्राखाली झोकदार सही केली: धर्मपाल डोमाजी. बोरखडीबाहेर जाणारी, नव्या नावाची ही त्यांची पहिली सही. शाई वाळेपर्यंत ते तिच्याकडे बघत बसले होते.

आणि नेमकी तीच सही आडवी आली.

पार्सल आलं. ते पैसे भरून सोडवायचं होतं आणि पैसे पोस्टाच्या बचतीत होते. गावातले पोस्टमास्तर नव्यानं बदलून आलेले, पुण्याकडचे, सरळ आणि नियमाचे. त्यांनी पार्सल एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं मास्तरांचं बचतीचं पासबुक उघडलं.

"मास्तर, खातं आहे उकंडा डोमाजी यांचं. पार्सल आहे धर्मपाल डोमाजी यांचं. धर्मपाल कोण?"

"मीच जी."

"मग उकंडा कोण?"

"थोही मीच होतो."

"होतो म्हणजे?"

"छप्पन सालापर्यंत होतो."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला. "म्हणजे उकंडा आता नाहीत?"

"नाही."

"अरेरे. मग खातं वारसांच्या नावे करायला हवं."

नाव बदलल्याचा अर्ज मास्तरांनी केव्हाच केला होता. तो वरच्या कचेरीत होता, आणि वर म्हणजे किती वर हे कुणालाच माहीत नव्हतं. "एखादा जबाबदार साक्षीदार आणा," पोस्टमास्तर म्हणाले. मास्तरांनी शेजारचे शंकरसिंग आणले. शंकरसिंग पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. साक्ष देण्यात त्यांची हयात गेली होती.

ते पोस्टाच्या खिडकीसमोर सावधान उभे राहिले. "साहेब, मी पोलिसात तीस वर्षं काढले. याले मी चड्डी घालत नव्हता तेव्हापासून वळखतो. लिहून घ्या. हा शंभर टक्के उकंडाच आहे!"

मास्तरांनी डोळे मिटले. पोस्टमास्तरांनी पार्सल कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचे वडील डोमाजी न सांगताच पोस्टात गेले. सत्तरीला आलेला म्हातारा, आयुष्य जिनिंगमध्ये सरकी उपसण्यात गेलेलं. मास्तर मागून धावत पोचले तेव्हा म्हातारा खिडकीशी बोलत होता.

"साहेब, याच्या आधीचे माहे तीन लेकरं गेले. हा तरी जगावा म्हनून याले कचऱ्याचं नाव ठेवलं. म्हटलं, उकिरड्याकडे कोनाची नजर जाते? जगला. शिकला. मास्तर झाला. नागपूरले दीक्षा घेऊन आला न् मले म्हने, बा, आता चांगलं नाव घेऊ का? मी म्हटलं, घे. आता भेव कायचं आहे? नाव ठेवनारा मी, बदलू देनारा मी. मंग पोस्टाले काय तरास होऊन राह्यला?"

पोस्टमास्तरांनी कोरा कागद काढला, स्वतःच्या हातानं मजकूर लिहिला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. "बाबा, इथे अंगठा करा."

"अंगठा कायले?" डोमाजी म्हणाले. "टाक द्या."

सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली. प्रत्येक अक्षरानंतर ते थांबत आणि ते अक्षर हललं नाही ना, हे पाहत. मागे तिकिटांसाठी सहा माणसं उभी होती. सगळी त्या टाकाकडे पाहत होती. पोस्टमास्तरांनी कागदावर फुंकर घातली आणि उभं राहून पार्सल दिलं.

लेन्स सुंदर होती. पितळेची, जाड काचेची, डोळ्यापासून लांब धरली की तुळशीच्या पानाएवढं जग उलटं दाखवणारी. जरा लहान वाटत होती, पण मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी ती जुन्या पाटीवर बसवायला घेतली, तर ती चकतीसकट भोकातून आरपार गेली आणि थेट त्यांच्या ओंजळीत पडली.

इथे पाटी म्हणजे काय हे सांगणं भाग आहे. मास्तर ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, मग वाचकांनीच काय पाप केलं? कॅमेऱ्याच्या तोंडावर सहा इंचांची चौकोनी लाकडी फळी असते. तिच्या मधल्या भोकात लेन्सची चकती स्क्रूनं बसते. एका लेन्सची पाटी दुसरीला चालत नाही. लेन्स बदलली की पाटी बदलायची. साधी गोष्ट. एक फळी आणि एक भोक.

हे भोक पाडायला नऊ दिवस लागले.

जफर मिस्त्री खाचरं, म्हणजे छोट्या बैलगाड्या, आणि दारं करणारा कसबी माणूस. त्याच्या हाताची चाकं पार मुकुटबनपर्यंत फिरत होती. मास्तर त्याच्याकडे गेले ते शाळेत नुकतीच आलेली दशमान पद्धतीची पट्टी घेऊन. नवं माप आलं होतं, आणि ते लोकांत रुजवणं ही आपली जबाबदारी आहे असं मास्तरांचं मत होतं.

"मिस्त्री, भोक एक्कावन पायजे."

"एक्कावन सूत?" जफर हिशेब करत म्हणाला. सुतारांचा सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. "मास्तर, पाटी सहा इंचाची न् भोक सव्वासहाच्या वर? मंग लाकूड कुठी लावू, हवेत?"

"सूत नाही, मिलिमीटर."

"थे काय रायते?"

मास्तरांनी मीटरची व्याख्या सांगितली. पॅरिसला एक दांडा ठेवला आहे इथून सुरुवात केली. जफरनं बीडी पेटवली, शांतपणे ऐकलं, बीडी संपवली, मास्तरांच्या हातातून चकती घेतली आणि स्वतःच्या घडीच्या फुटावर ठेवली.

"दोन इंच आहे," तो म्हणाला. "दोन इंच म्हना ना!"

पहिली पाटी आंब्याच्या ओल्या फळीची झाली, कारण घाई होती. ती मास्तरांनी काळा रंग वाळावा म्हणून चैतातल्या उन्हात ठेवली आणि संध्याकाळी ती पापडासारखी वळलेली सापडली. दुसऱ्या पाटीचं भोक किंचित लहान पडलं. जफरला बोलावण्यात पुन्हा कमीपणा, म्हणून मास्तरांनी स्वतः कानस घेतली. ड्रॉइंग मास्तरचा हात, गोलाई त्यांना नवी नव्हती. अर्ध्या तासात भोक इतकं सुबक गोल झालं की चकतीचे सगळे स्क्रू हवेत लटकू लागले.

आता वस्ती मदतीला धावली. सत्यभामाबाई म्हणाल्या, फट मातीनं लिंपून टाका. कुणी म्हणालं, बाभळीचं लाकूड घ्या. शंकरसिंग म्हणाले की चोरही फटीतूनच येतो न् उजेडही फटीतूनच येतो, दोघांचा बंदोबस्त एकच. आणि त्यांनी आपल्या जुन्या लोकरी कोटाची एक बाही फाडून दिली, पाटीच्या कडेला चिकटवायला. ती खरंच उपयोगी पडली. पण तेव्हापासून ते कॅमेऱ्याला 'आपला' म्हणू लागले.

"वाळलेलं सागवान पायजे," जफर मिस्त्री मास्तरांच्या घरी येऊन म्हणाला. "तीसेक सालाचं. हलनार नाही, वळनार नाही." बोलता बोलता तो ज्यावर बसला होता त्यावर त्यानं बोटांनी टकटक केलं. थांबला. पुन्हा टकटक केलं. मग उठून तो पाट उचलला आणि कानाशी धरला.

प्रभावतीबाई चुलीपासून म्हणाल्या, "थो माह्या मायनं देल्ला पाट आहे."

मास्तर जमिनीकडे पाहू लागले.

"घ्या," प्रभावतीबाई म्हणाल्या. "पन माही एक अट आहे. एकाहत्तर मानसं म्हंता. तुमाले धरून का सोडून?"

मास्तर बोटं मोजू लागले. "धरून."

"मंग कॅमेऱ्यामागं कोन राहीन? तुमी मागं राह्यले तं सत्तरच झाले ना?"

सभेत टाळ्या घेताना ही गोष्ट मास्तरांच्या डोक्यातच आली नव्हती. ते जफरकडे पाहू लागले. जफर पाट घेऊन दारापर्यंत पोचला होता.

"मी?" तो म्हणाला. "मास्तर, मी उभ्या जिंदगीत फोटो काढला नाही."

"लेन्सवरचं टोपन काढाचं, दोन मोजाचे, टोपन लावाचं."

"इंचात मोजू का मिलिमीटरात?"

तिसरी पाटी मात्र अशी बसली, की खाचेत सरकताना तिनं दबका श्वास सोडल्यासारखा आवाज केला. चकती बसली, लेन्स फिरली, घट्ट झाली. कुठून काडीएवढा उजेड नाही. जफरनं तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा फिरवला.

जयंतीच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, मास्तरांनी कॅमेरा वाचनालयासमोर मांडला आणि काळ्या कापडात डोकं घातलं. निम्मी वस्ती बघायला जमली होती.

मास्तर आत गेले ते बाहेर येईनात.

मागच्या काचेवर वाचनालय उलटं दिसत होतं, ते ठीक, तसंच दिसतं. पण ते फक्त मधल्या गोलात दिसत होतं. चारी कोपरे काळेकुट्ट. लेन्स लहान प्लेटच्या कॅमेऱ्याची होती. व्यापाऱ्याला लिहिलेल्या चार मसुद्यांत मास्तरांनी सगळं लिहिलं होतं, 'युवर मोस्ट ओबीडियंट' लिहिलं होतं, फक्त प्लेटचं माप लिहायचं राहिलं होतं. कॅमेरा मागे न्यावा तर दहा पावलांवर नाला. तसा प्रयत्नही त्यांनी कापडात डोकं ठेवूनच केला. शंकरसिंगांनी सदऱ्याला धरलं म्हणून तिसरा पाय नाल्यात जाता जाता वाचला.

एकाहत्तर माणसांच्या लांब रांगा, आणि टोकांना पुन्हा काळोख. बाहेर सत्यभामाबाई नवं लुगडं कोणतं नेसायचं ते सांगत होत्या. मास्तरांना कापडातून बाहेर येऊन त्यांच्याकडे पाहायची हिंमत होईना. घाम कानामागून वाहत होता.

"मास्तरले भोवळ आली वाटते," कुणीतरी म्हणालं.

"नाही, थे मोजून राह्यले," शंकरसिंग म्हणाले.

शेवटी प्रभावतीबाईंनी कापड उचललं आणि त्याही आत शिरल्या.

"काय झालं?"

"कोपरे काळे येऊन राह्यले," मास्तर पुटपुटले. "लेन्स लहान आहे. चूक माही आहे. एसटीतही माहीच होती."

"एसटीतलं माहीत आहे मले." त्यांनी काचेकडे निरखून पाहिलं. "पन मधातलं लय साफ दिसून राह्यलं, नाही? पार विटा मोजून घ्या."

विटा खरंच मोजता येत होत्या. मास्तरांनी पुन्हा पाहिलं. चौकोनातलं वर्तुळ. पाचवीच्या वर्गाला ते दर जूनमध्ये हेच काढायला लावत. चौकोनात वर्तुळ काढा, कोपरे छायांकित करा, वर्तुळात फुलं भरा.

ते कापडातून इतक्या जोरात बाहेर आले, की प्रभावतीबाई कापडासकट बाहेर आल्या.

"खडू आना!" ते ओरडले. "न् सुतळी! जफरमियाँ, तुमची दोन खाचरं पायजे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाची फीत कापून झाली आणि बोरखडीनं कधी न पाहिलेली कवायत सुरू झाली. सगळ्यांत खाली सात लेकरं मांडी घालून. त्यांच्यामागे सतरंजीवर बारा बाया. मग शाळेच्या बाकांवर सोळा, मागे उभे सोळा, बाकांवर उभे बारा आणि सगळ्यांत वर, वाचनालयाच्या निळ्या अक्षरांखाली, टेकू लावून उभ्या केलेल्या खाचरांवर आठ. मास्तर काचेत पाहून हुकूम सोडत. काचेत सगळं उलटं, त्यामुळे ते "डाव्या अंगाले" म्हणाले की माणसं एकदा चुकीच्या बाजूला जात आणि मग सगळे मिळून परत येत. गेल्या वर्षी खुर्चीवर बसलेल्या मंडळींनी खुर्च्या कुठे आहेत, असं विचारलं. "गोलात खुर्ची बसत नाही," मास्तर म्हणाले. खुर्च्या परत गेल्या. सत्यभामाबाईंना त्यांनी मधल्या रांगेत बसवलं, दोन्ही कानांसकट.

मग काचेची प्लेट चढवली, जफरला टोपणाशी उभं केलं आणि मास्तर उभ्या रांगेत वडिलांशेजारच्या जागेवर गेले. नवा पांढरा सदरा, छाती पुढे, हनुवटी वर.

"काढा, मिस्त्री!"

जफरनं टोपण काढलं. "एक..." आणि तेवढ्यात त्याची नजर पाटीवर गेली. सकाळच्या उन्हात सागवान झळाळत होतं. सरळ रेषा, नेमका काटकोन. खालचा एक कोपरा जरासा वर आहे की काय असं वाटून तो पुढे आला, लेन्सच्या समोर वाकला आणि अंगठ्यानं कड तपासू लागला.

"बाजूले हो!" एकाहत्तर माणसं एका आवाजात ओरडली. त्यांत पाळण्यातलं लेकरूही होतं.

ती प्लेट मास्तरांनी पुढे धुऊन पाहिली. तीत डोंगरासारखं काहीतरी अंधूक आलं होतं. ते जफर मिस्त्रीचं कपाळ असावं. आता एकच प्लेट उरली होती. मास्तर परत कॅमेऱ्यापाशी आले, ती चढवली, आणि जफरच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पाटी उत्तम आहे, मिस्त्री. आता तिच्याकडे पाहू नका."

जफरनं डोळे मिटून टोपण काढलं. "एक... दोन." टोपण बसलं. गर्दीतून शंकरसिंगांची शिंक आली, पण ती टोपणानंतर आली, आणि आपण ती दोन आकडे रोखून धरली होती हे ते पुढे सगळ्यांना सांगत.

धान्याच्या कोठीला दोन घोंगड्या लावून, दुपारच्या उकाड्यात, लाल कागद लावलेल्या कंदिलाशी मास्तरांनी प्लेट धुतली. प्रभावतीबाई परात हलवत होत्या. आधी काहीच नव्हतं. मग फिक्या चौकोनात एक काळसर गोल, आणि गोलात निगेटिव्हची माणसं वर येऊ लागली. मास्तर काडीनं मोजू लागले. पंचेचाळीसला चुकले. पुन्हा मोजलं. दाराबाहेर सगळी वस्ती श्वास रोखून उभी होती.

"एकाहत्तर!" आतून आवाज आला, आणि बाहेर जो गलका झाला त्यानं नाल्यापलीकडची जनावरं बिथरली.

फोटो वाचनालयात लागला. चौकटीतला गोल, काळ्या आभाळात पुनवेचा चंद्र असावा तसा, आणि त्यात कडेपर्यंत माणसं. महिन्याभरात फुलसावंगीहून दोघं जण विचारत आले, की त्यांच्या गावाचाही असाच गोल फोटो निघेल का. चौकोनी आता सगळेच काढतात. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "त्याले खास लेन्स लागते. मुंबईहून मागवली आहे." चीर गेलेली जुनी लेन्स ट्रंकेत गेली आणि तिचं नाव कुणी काढलं नाही. जफर मिस्त्री येणाऱ्या प्रत्येकाला आधी कॅमेऱ्याची पाटी दाखवत असे, आणि मग, सवड असली तर, फोटो.

डोमाजींना डोळ्यांनी कमी दिसे. फोटो लागला त्या दिवशी मास्तरांनी त्यांना हाताला धरून वाचनालयात नेलं, स्टुलावर बसवलं आणि शाळेतलं भिंग त्यांच्या हातात दिलं. म्हातारा खालच्या लेकरांपासून सुरू झाला. प्रत्येक चेहऱ्याशी थांबत, नाव घेत, वर वर सरकत राहिला. चौथ्या रांगेत स्वतःचा फेटा सापडला तेव्हा हसला. मग भिंग शेजारच्या चेहऱ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"हा कोन साहेब आहे रे, माह्या बाजूले?"

"मी आहो, बा."

म्हाताऱ्यानं भिंग जवळ नेलं, लांब नेलं.

"असं का," तो म्हणाला. "मले वाटलं, कोनी लय मोठा मानूस आलता आपल्यात."

आणि भिंग न हलवता तो बराच वेळ पाहत राहिला.